लेखनाचा वर्ग: अर्धं सत्र झाल्यावर

आठ आठवडे झाले. दोन निबंध देऊन झाले, तिसऱ्याचा कच्चा खर्डा वहीत आहे. हा विषय घेऊ का, असं ज्युनियर विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्गात आले तेव्हा माझं लेखन चांगलं आहे असंच मला वाटायचं. शुद्धलेखन पक्कं, शाळेत निबंधाला कायम चांगले मार्क. पहिला निबंध ‘हजेरी सक्तीची असावी का?’ यावर होता. एका बैठकीत चार पानं लिहून दिली. परत आला तेव्हा लाल शाईचा ठिपकाही नव्हता आणि मार्कही नव्हते. समासात मॅडमनी पेन्सिलीने एवढंच विचारलं होतं: ‘तुझं म्हणणं नक्की कुठे सुरू होतं?’

मला राग आला. रात्री पुन्हा वाचायला घेतला. सुरुवात ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशी, मग शिक्षणाचं महत्त्व, मग शिस्तीचं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर एक वाक्य सापडलं: ‘हजेरीच्या धाकाने मुलं वर्गात येतात, पण ऐकायला येतात असं नाही.’ निबंध तिथे सुरू होत होता! आधीची अडीच पानं काढून टाकली. जीव तुटला, पण काढली.

याच कारणासाठी मी हा वर्ग घ्या म्हणेन. इथे पुन्हा लिहायला वेळ मिळतो. प्रत्येक निबंधाचे तीन खर्डे द्यायचे, मार्क फक्त शेवटच्याला. पहिल्या खर्ड्यात मुद्दा आणि मांडणीच बघतात. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं सगळ्यात शेवटी. आधी हे मला पटलं नव्हतं. पण जो परिच्छेद उद्या काढूनच टाकायचा, त्यातल्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या?

सगळ्यात उपयोगी पडला तो उलटा आराखडा. खर्डा लिहून झाला की प्रत्येक परिच्छेदासमोर तो काय सांगतो ते एका ओळीत लिहायचं. दुसऱ्या निबंधात माझे नऊ परिच्छेद होते. त्यातल्या तिघांसमोर तीच ओळ आली आणि सहाव्यासमोर काय लिहावं तेच सुचेना. तो परिच्छेद मला सगळ्यात आवडत होता. आता हे मी इतर विषयांच्या उत्तरांनाही करते.

एकमेकांचे खर्डे वाचण्याचा तास मात्र अजून बसलेला नाही. ‘छान आहे’, ‘आवडलं’ यापलीकडे बरेच जण जात नाहीत; मीही सुरुवातीला तेच लिहायचे. प्रश्नांची छापील यादी हातात दिली त्या दिवशी चर्चा खरंच रंगली. ती दर वेळी द्यायला हवी.

संदर्भ द्यायला शिकवलं ते एका तासात, घाईघाईने. एपीए पद्धतीत (मानसशास्त्रासारख्या विषयांत वापरतात ती) कंसात आडनाव आणि वर्ष, एमएलएत (साहित्यात वापरतात ती) आडनाव आणि पान क्रमांक, एवढं फळ्यावर आलं. असं का, ते नाही आलं. ते मला नंतर वाचताना उमगलं: मानसशास्त्रासारख्या विषयात संशोधन किती जुनं आहे ते आधी बघावं लागतं, तर साहित्यात मूळ ओळ कुठल्या पानावर आहे ते शोधता यायला हवं. हे दोन मिनिटांत सांगितलं असतं तर पाठांतर करावं लागलं नसतं.

आणखी एक. दुसऱ्या निबंधाचा पहिला खर्डा तीन आठवड्यांनी परत मिळाला, तोवर तिसऱ्याचा विषय हातात पडला होता. ज्या वर्गाचा सगळा भर पुनर्लेखनावर आहे, तिथे हा उशीर फार नडतो. हे मी मॅडमना सांगितलं आहे, त्यांनी मान्यही केलं.

पाचपैकी चार. विषय घेतलात तर खर्डा अर्धवट असतानाच मॅडमना दाखवायला घेऊन जा, पूर्ण व्हायची वाट बघू नका. माझ्या तिसऱ्या निबंधाच्या खर्ड्यावर कालच पेन्सिलीचा प्रश्न आला आहे: ‘हे कोणाला पटणार नाही?’ त्यावर रविवारी बसणार आहे.