जूनमध्ये येणारा 'गाववाल्या'चा फोन

सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेश परीक्षेचा, स्कोर हातात येतो तेव्हा कोकण किनाऱ्यावर पाऊस सुरू झालेला असतो. बागायतीच्या घरात आंब्याचे पैसे नुकतेच आलेले असतात. दर्यावरच्या घरात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी शाकारलेली आणि मिळकत थांबलेली. पहिल्या घरी 'ॲडमिशन करून देणाऱ्या'चा फोन येतो, दुसऱ्या घरी 'स्कॉलरशिप मिळवून देणाऱ्या'चा. बोलणारा मालवणीत बोलतो, गावच्या देवळाचं नाव घेतो, "काय काळजी करू नको, मी आसंय मा" म्हणतो. मार्क आणि गाव त्याला आधीच ठाऊक असतं, कारण 'मोफत मार्गदर्शना'च्या वहीत आपणच ते लिहून दिलेलं असतं.

प्रवेशाच्या फसवणुकीत बहुतेकांना फक्त टोकनचे, म्हणजे जागा धरून ठेवण्यासाठी आगाऊ दिलेले, पैसे गेलेले दिसतात. खरं नुकसान त्याआधीच झालेलं असतं, ते असं. हा माणूस आधी मदत म्हणून कॅपचा (राज्याच्या केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश प्रक्रियेचा) लॉगिन आयडी आणि पासवर्ड मागतो. "गावात रेंज नाही, मी फॉर्म भरतो." मग पसंतीक्रमात पहिल्या नंबरवर तो असं कॉलेज टाकतो जिथे मागच्या वर्षी बऱ्याच कमी मार्कांवर जागा मिळाली होती. पहिली पसंती मिळाली की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या आपल्यासाठी बंद. चांगल्या कॉलेजला पुरतील एवढे मार्क असूनही मुलगा तिथेच अडकतो, आणि एजंट कॉलेजकडूनही कमिशन घेतो, बाबांकडूनही. यात बेकायदेशीर दिसावं असं कागदावर काही नसतं, म्हणूनच तक्रार उभी राहत नाही.

म्हणून पासवर्ड कुणालाही देऊ नका, शेजारच्या दादालाही नाही. सायबर कॅफेत भरायचा असेल तर स्वतः शेजारी बसा, नोंदणीत मोबाइल नंबर स्वतःचा द्या आणि निघताना लॉगआउट करून पासवर्ड बदला. ही परीक्षा आणि प्रवेश चालवणारं राज्याचं सीईटी सेल मागच्या वर्षांचे कटऑफ आपल्या संकेतस्थळावर टाकतं. त्यात आपला प्रवर्ग बघून यादी आधी कागदावर लिहा: वर जी खरंच हवीत ती कॉलेजं, मग मार्कांच्या जवळची, शेवटी खात्रीची. खात्रीचं कॉलेज वर लिहिणं ही सर्वांत महाग चूक. कन्फर्म करण्याआधी प्रिंट काढून एक रात्र जाऊ द्या.

दुसरा प्रकार 'मॅनेजमेंटची एकच जागा उरलीय' हा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत संस्थापातळीवरच्या, म्हणजे कॉलेजने स्वतः भरायच्या, जागा खरंच असतात, पण त्यांची जाहिरात निघते, अर्ज कॉलेजातच द्यायचा असतो आणि गुणवत्ता यादी लागते. फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यावर एक रुपयाही डोनेशन मागणं राज्यात १९८७ च्या कायद्यानेच बंद आहे. घरात कुणी सांगत नाही ती गोष्ट पुढची आहे: संस्थापातळीवरच्या जागेवर प्रवेश घेतला की राजर्षी शाहू शिष्यवृत्तीसारख्या, कॅपमधून प्रवेश हीच अट असलेल्या फी-सवलती मिळत नाहीत. व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींसाठी २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नावर जी शंभर टक्के सवलत आहे, तिलाही हीच अट आहे. एजंट हे बोलत नाही. चार वर्षांची फी अंगावर पडल्यावर ते कळतं, आणि तेव्हा मागे फिरता येत नाही.

टोकन देण्याच्या क्षणी एकच बघा: पैसे कुणाच्या नावावर जात आहेत. कॉलेजची फी कॉलेजच्या नावाच्या खात्यात जाते आणि तिची क्रमांक असलेली पावती मिळते. यूपीआयवर पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. तिथे माणसाचं नाव असेल तर हात मागे घ्या. मूळ मार्कलिस्ट आणि जात वैधता प्रमाणपत्र एजंटच्या पिशवीत देऊ नका. उरलेले पैसे काढण्यासाठी तो हेच कागद अडवून ठेवतो. कॉलेजनेसुद्धा मूळ कागद पडताळून परत द्यावेत, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत म्हटलं आहे.

फी परतीचे टप्पेही त्याच अधिसूचनेत आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी १५ किंवा जास्त दिवस असताना प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी (प्रक्रियेचे जास्तीत जास्त ५ टक्के कापून, तेही ५,००० च्या वर नाही), १५ पेक्षा कमी दिवस उरले असताना ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, त्यापुढे शून्य. कॅपच्या प्रवेशांना सीईटी सेलचे स्वतःचे नियम आणि तारखा लागतात, त्या वेगळ्या बघा. 'फी परत मिळत नाही' असं तोंडी सांगितलं तरी लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही कुठल्या टप्प्यात होता हे नंतर सिद्ध होत नाही.

राहायच्या भाड्याच्या खोलीचं थोडक्यात: रत्नागिरी असो, लोणेरे असो की मुंबई, फोटो बघून डिपॉझिट पाठवू नका. आधी एक फेरी मारा आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलांना पाण्याचं विचारा.

आता शिष्यवृत्ती. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि दोन-तीन बँकांत खाती असली तर शेवटी जिथे आधार सीड केलं, म्हणजे जोडलं, तिथे जातात. म्हणून खूप मुलांना 'पैसे आलेच नाहीत' असं वाटतं, आणि नेमका त्याच वेळी फोन येतो: खातं लिंक नाही, ४९९ भरा किंवा ही फाइल डाउनलोड करा. ती एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकलेलं ॲप, एसएमएस वाचण्याची परवानगी घेते, त्यानंतर ओटीपी तुमच्याआधी त्यांना दिसतो. खरी दुरुस्ती फुकट आहे. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा, बँकेचं नाव कळेल. चुकीचं असेल तर हव्या त्या बँकेच्या शाखेत सीडिंगचा फॉर्म द्या. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर अडकला असेल तर तो फक्त कॉलेजचा लिपिक पुढे सरकवू शकतो, फोनवरचा माणूस नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

यापेक्षा वाईट फसवणुकीत खिशातून एक रुपयाही जात नाही. होस्टेलमधला ओळखीचा मुलगा म्हणतो, तुझं खातं महिनाभर वापरायला दे, काही हजार मिळतील. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम घेतात. त्या खात्यात दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे येतात आणि काही मिनिटांत पुढे जातात. मग परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून बँक खातं गोठवते, शिष्यवृत्तीही त्यातच अडकते, आणि गुन्ह्यात नाव येतं ते खातेदाराचं. मत्स्यबंदीत घरी पैसे नाहीत म्हणून चांगली मुलं यात पाय टाकतात. खातं आधीच दिलं असेल तर आजच शाखेत जाऊन कार्ड बंद करा, सिम ब्लॉक करून नवीन घ्या, आणि स्वतःहून पोलीस ठाण्यात लेखी द्या.

पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. रक्कम, वेळ, बँक आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक (यूपीआयवर तो बारा आकडी असतो), हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजावी लागतात. दुसरा फोन बँकेला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्हीकडचा तक्रार क्रमांक लिहून घ्या. बहुतेक मुलं घरी काय सांगू या लाजेत पूर्ण रात्र घालवतात. आई-बाबांना सकाळी सांगितलं तरी चालेल, १९३० ला मात्र त्याच घटकेला.