गोल्ड विंग टूर : २०२० की २०२१?

होंडाच्या या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलची ही दोन वर्षांची मॉडेल्स. इंजिन दोन्हींत तेच, १८३३ सीसीचं आडवं सहा सिलिंडरचं. टाकीही तीच, २१ लिटरची. त्यामुळे चालवणाऱ्याने एकट्याने टेस्ट राइड घेतली तर फरक फारसा कळणार नाही. फरक आहे तो मागे.

२०२० च्या मागच्या डिकीत ५० लिटर जागा. दोन फुलफेस हेल्मेट ठेवायला गेलात की एक बसतं, दुसरं तिरकं करा, उलटं करा, झाकण काही लागत नाही. मग ते हातात घेऊन जेवायला जायचं! २०२१ मध्ये हीच डिकी ६१ लिटरची झाली आणि दोन्ही हेल्मेटं आत जाऊ लागली. मागच्या सीटची पाठही जास्त कलती आणि जाड केली. दिवसभर मागे बसणाऱ्याच्या कमरेला विचारा, याची किंमत काय ते. स्पीकरही सुधारले, मला त्याचं फारसं कौतुक नाही.

जोडीने फिरणार असाल तर मी डोळे झाकून २०२१ घेईन. एकटेच फिरत असाल तर २०२० स्वस्तात मिळतेय का बघा आणि वाचलेले पैसे टायरसाठी ठेवा. जुनी गाडी बघताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही नवी दिसो, एवढं जुनं रबर घेऊन मी लांबच्या प्रवासाला निघणार नाही.