१९६६ची फोर्ड मस्टँग, २८९ व्ही-एट: मार्च ते नोव्हेंबर वापरल्यावर

आधी एक खुलासा, नाहीतर जाणकार मंडळी हसतील. मस्टँगला सरसकट मसल कार म्हणतात, पण ती त्या घराण्यातली नाही. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या बॉडीत कोंबलेलं दांडगं इंजिन. १९६४ची पाँटिॲक जीटीओ घ्या. मस्टँग म्हणजे बिचाऱ्या फोर्ड फाल्कनच्या सांगाड्यावर चढवलेला देखणा पत्रा. माझी तर त्यातही साधी: कूपे (दोन दारांची, मागे वेगळी डिकी), ४.७ लिटरचं २८९ घनइंची व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, दोन बॅरलचा (दोन हवानळ्यांचा) कार्बोरेटर, ऑटोमॅटिक. मी मिशिगनमध्ये राहतो. मार्चमध्ये घेतली आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडेपर्यंत चालवली. चालवायची हौस असेल तर हीच घ्या. भाव वाढेल म्हणून घेत असाल तर दुसरीकडे बघा.

कारण १९६६ साली मस्टँग सहा लाखांवर बनल्या. त्यातल्या जवळपास पाच लाख कूपे होत्या आणि फास्टबॅक (छत मागे सलग उतरत जाणाऱ्या) जेमतेम ३५ हजार. फास्टबॅकचा भाव ऐकून माणूस खाली बसतो, तो त्यामुळेच. पण या पाच लाखांचा फायदा असा, की दाराच्या रबरापासून फ्लोअरच्या पत्र्यापर्यंत सगळं आजही नवं मिळतं. रात्री ऑर्डर दिली की दोन-तीन दिवसांत दारात.

विकणारे 'मॅचिंग नंबर्स'चा, म्हणजे इंजिन वगैरे कारखान्यातलंच आहे याचा, जप करतात. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी पैसे भरून मागवता येतात. १९६६च्या गाडीला ती सोय नाही, तेव्हा गाडीच वाचावी लागते. चासी नंबरातलं पाचवं अक्षर बघा: सी म्हणजे माझ्यासारखी, ए म्हणजे चार बॅरलची, के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरवाली, टी म्हणजे सहा सिलिंडरची. चाकाचे नटही मोजा. व्ही-एटला पाच, सहा सिलिंडरला चार. 'ओरिजिनल व्ही-एट' म्हणून दाखवलेल्या एका लालभडक गाडीचं पाचवं अक्षर टी निघालं. डीलरने खांदे उडवले आणि किंमत मात्र तीच ठेवली.

रंगाकडे बघूच नका. बघायचं ते काउल. विंडशील्डच्या खाली, बॉनेटच्या मागे ज्या जाळीतून हवा आत येते, तिच्या खालची पत्र्याची पेटी. पानं, माती साचते, पाणी अडतं आणि पेटी आतून कुजते. बाहेरून काही दिसत नाही. मी तपासायला जाताना एक तांब्या आणि टॉर्च न्यायचो. जाळीवर पाणी ओतायचं, डोकं डॅशबोर्डखाली घालून उताणं पडायचं आणि वाट बघायची. एका चकाचक गाडीत आधी काहीच झालं नाही. मग हीटरच्या बाजूने एक थेंब आला, मग धारच लागली, थेट गालिच्यावर. मालक म्हणाले, "रबर बदललं की थांबेल." रबराचा इथे काही संबंध नाही. ती दुरुस्ती म्हणजे बॉनेट, फेंडर, डॅशबोर्ड सगळं उतरवायचं आणि स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवायचे. मी घेतलेली गाडी रंगाने फिकट, सीट फाटकी, पण काउल कोरडं. ॲरिझोनातून आलेली होती. मिशिगनच्या मिठात आयुष्य काढलेल्या गाडीचा पत्रा मी घेतला नसता.

आता ब्रेक. चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकला तेल ढकलणारा) एकाच कप्प्याचा. म्हणजे कुठेही एक पाइप गळला की चारही ब्रेक गेले. फोर्डने १९६७च्या मॉडेलला दोन कप्प्यांचा दिला. मी गाडी घरी आल्यावर आधी तोच बसवला आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घातले. यावर 'ओरिजिनॅलिटी गेली' म्हणणारे भेटतात. त्यांच्या गाड्या ट्रेलरवरून येतात.

चालवायला कशी? २०० हॉर्सपॉवर हा जुन्या पद्धतीने मोजलेला, म्हणजे फुगलेला आकडा, तेव्हा आजची फॅमिली सेडान सिग्नलवर हिला सहज मागे टाकते. मजा वेगात नाहीच. थंडीत अ‍ॅक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडायचा म्हणजे चोक बसतो, मग किल्ली. आठही सिलिंडर जागे होईपर्यंत गाडी थरथरते. पद्मिनी चालवलेल्यांना हे शिकवावं लागणार नाही. गिअरच्या पट्टीवर ड्राइव्हचे दोन ठिपके आहेत. मोठ्या हिरव्यावर गाडी पहिल्या गिअरपासून निघते, छोट्यावर दुसऱ्यापासून, निसरड्या रस्त्यासाठी. व्हॅलेवाल्या, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या, पोराने छोट्यावर टाकली आणि 'गाडी ओढत नाही' म्हणून परत आला.

पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंगमध्ये खांदे भरून येतात. मायलेज लिटरला सहा-साडेसहा किलोमीटर. पेट्रोलची टाकी म्हणजेच डिकीचा तळ, त्यामुळे सामान ठेवलं की त्याला वास लागतो. पट्टे फक्त कमरेचे, डोकं टेकायला काही नाही. मुलांना मी यात हायवेवर नेत नाही, यावर घरात चर्चा संपली आहे.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या फेरीला नेली. फर्नडेलपासून पाँटिॲक शहराकडे मुंगीच्या चालीने गाड्या आणि वर ऊन. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते तापल्यावर लवकर उकळतं. पाइपमध्ये वाफ झाली की इंजिन बंद. माझी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा अनोळखी लोकांनी ढकलून कडेला लावली आणि तिथेच बॉनेट उघडून गप्पा मारत बसले. नंतर रेडिएटर मोठा बसवला, पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब वळवला, त्रास बराच कमी झाला.

कागदपत्रांचं थोडक्यात: इथे २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते. तिच्यावर मेळावे, परेड वगैरेंनाच जाता येतं, फक्त ऑगस्टमध्ये कुठेही. रोज हिंडायचं असेल तर साधी प्लेट घ्या. विमा 'ॲग्रीड व्हॅल्यू'चाच, म्हणजे आधी ठरलेल्या किमतीचाच घ्या. साधा विमा जुनी गाडी म्हणून घसारा कापतो.

सध्या गाडी गॅरेजात आहे. टाकी काठोकाठ, पेट्रोल पडून खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर, बॅटरी चार्जरला, एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी, कारण उंदीर. ऑइल झिंक जास्त असलेलंच घालतोय, या इंजिनाच्या कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) ते लागतं. एप्रिलपर्यंत स्टिअरिंग बॉक्सचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढायचा आहे. सरळ रस्त्यावरही हात सतत हलता ठेवावा लागतो.