डोक्याच्या मारानंतरची थेरपी: सोलापुरात सात रस्त्याजवळचं सेंटर

अपघातानंतर दादाचं चालणं-बोलणं पूर्ववत झालं, पण अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात वेगळीच अडचण आली. गठ्ठे रंगाप्रमाणे लावायला सांगितले की चोख लावायचा. मालक म्हणाले, "आता साईजप्रमाणे लाव," की "हो, साईजप्रमाणे" असं स्वतःच म्हणत परत रंगानंच लावायचा. सगळ्यांनी त्याला हट्टी ठरवलं.

या सेंटरच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, हा हट्ट नाही, कपाळामागच्या मेंदूला मार बसलाय. त्यांनी टेबलावर नॅपकिन मांडले. नियम सांगायचा नाही, फक्त "बरोबर" किंवा "नाही" म्हणायचं आणि मध्येच गुपचूप नियम बदलायचा. दादा "नाही, नाही" ऐकत जुनाच गठ्ठा वाढवत राहिला. मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी माकडांवरचे प्रयोग समजावले. केंब्रिजमध्ये १९९६ साली मार्मोसेट माकडांच्या कपाळामागच्या भागाला इजा केली होती. बाजूचा भाग गेलेल्यांना चित्रातला आकार सोडून त्यावरच्या रेषांकडे लक्ष वळवणं जड गेलं. डोळ्यांच्या वरचा भाग गेलेल्यांना, दोन आकारांपैकी बक्षीस कशाला ते उलटल्यावर जुनी निवड सोडवेना. पुढे २०१३ मध्ये मकाक माकडांत डोळ्यांवरच्या भागातल्या फक्त पेशी मारून शेजारून जाणारे तंतू शाबूत ठेवले, तर त्यांना ती अदलाबदल जमली. म्हणजे मार कुठे बसला एवढ्यावरून काय अडेल ते ठरत नाही. म्हणून एमआरआयवरचा डाग बघून मॅडम भाकीत करत नाहीत. माणसाला काम करताना बघतात, मग बोलतात. मला हे फार मोलाचं वाटलं.

उपायही कामाला धरूनच. नियम बदलला की हात थांबवायचे, नवा नियम मोठ्यानं म्हणायचा, समोर त्याची चिठ्ठी लावायची, मगच पहिला टॉवेल उचलायचा. कारखान्यात आता तशी चिठ्ठी लागते. दादा अजून अडकतो, पण टोकलं की थांबून चिठ्ठी वाचतो.

फी दर बैठकीला घेतात, पॅकेजची सक्ती नाही. मदतनीस ताई तेलुगूही बोलतात, पूर्व भागातल्या पेशंटांना त्याचा मोठा आधार. मात्र सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाहेरच्या बाकावर मे महिन्यात बसवत नाही. ज्यांचे पाय अधू आहेत त्यांच्यासाठी तळमजल्यावर सोय व्हायलाच हवी.

जाताना एमआरआयची फाईल न्याच, पण पेशंटबरोबर काम करणारं कुणी सोबत आलं तर फार बरं. आमच्याकडून कारखान्याचे मुकादम आले होते. चिठ्ठी कुठे लावायची ते त्यांनीच सुचवलं.