महारेरा की सूची क्रमांक दोन? आपल्या गल्लीतल्या इमारती कागदावरून समजून घ्यायच्या असतील तर

आपल्या भागात काय बांधलं जातंय, कितीला विकलं जातंय, भाडी कुठवर गेलीत, हे ब्रोकरच्या तोंडून न ऐकता कळावं असं वाटत असेल तर महाराष्ट्रात घरबसल्या दोन सरकारी दारं ठोठावता येतात. एक महारेराचं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं संकेतस्थळ, दुसरं नोंदणी व मुद्रांक विभागाचा मोफत ई-सर्च, म्हणजे ज्यात सूची क्रमांक दोन किंवा आपण सगळे म्हणतो ते ‘इंडेक्स टू’, नोंदलेल्या दस्ताचा सारांश, दिसतं. महापालिकेच्या मिळकतकराच्या नोंदी हे तिसरं दार, पण ते एकेका मिळकतीपुरतंच उघडतं. मिळकत क्रमांक हाताशी असेल तर थकबाकी कळते, गल्लीचं चित्र काही उभं राहत नाही. म्हणून ते इथे बाजूला ठेवतो.

पुण्यातल्या आमच्या जुन्या सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा आजूबाजूची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. दोन्हीकडे बराच वेळ घालवला आहे, आणि आता कोणी विचारलं तर माझा कल कुठे आहे हे लपत नाही. तरीही दोघांची बाजू मांडतो, कारण तुमची गरज माझ्यापेक्षा वेगळी असू शकते.

महारेराची बाजू मुळात भक्कम आहे. रेरा कायदा २०१६ चा, महारेरा मे २०१७ पासून. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाबद्दल इतकं काही एका ठिकाणी याआधी कधी मिळत नव्हतं: मंजूर नकाशे, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, जमिनीच्या मालकीबद्दल वकिलाचा अहवाल, बोजा असेल तर तो, चालू असलेले दावे, किती घरं विकली गेली. ताबा देण्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख शेजारी शेजारी दिसते. मला विचाराल तर बिल्डरबद्दल मत बनवायला या दोन तारखांमधलं अंतर कुठल्याही सॅम्पल फ्लॅटपेक्षा जास्त उपयोगी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला, त्यामुळे होर्डिंगसमोर सिग्नलला उभं असतानासुद्धा नोंदणी उघडता येते. पुणे जिल्ह्याचे जुने क्रमांक ‘पी ५२१’ ने सुरू होतात, तेवढं लक्षात ठेवलं की जाहिरातीतल्या बारीक अक्षरांत डोळा आपोआप तिकडे जातो.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेणार असाल तर पुढचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल. महारेरा बघा.

माझी अडचण वेगळी होती. मला एका प्रकल्पाची माहिती नको होती, एका भागाची हवी होती. इथे महारेराची एक गोष्ट अशी काही आडवी आली की शेवटी तिनेच निकाल लावला. महारेरात इमारत नसते, ‘प्रकल्प’ असतो. कायद्यानेच सांगितलंय की टप्प्याटप्प्याने बांधकाम होणार असेल तर प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प समजायचा आणि त्याची वेगळी नोंदणी करायची. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. त्याच्या टप्प्याचे पैसे दुसऱ्या टप्प्यात वळू नयेत, ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्याच खात्यात राहावी, म्हणून ती सोय. पण शहर समजून घ्यायला बसलेल्या माणसाची त्यात पुरती दमछाक होते.

एक मोठं संकुल घ्या. कुठलंही घ्या, नदीपलीकडे हवी तेवढी आहेत. बाहेर एकच कमान, एकच नाव, एकच सिक्युरिटी. कागदावर मात्र ए आणि बी इमारतींची एक नोंदणी, सी ची दुसरी, डी आणि ई ची तिसरी, दुकानांची आणखी वेगळी. एका टप्प्यात संकुलाचं नाव आधी, दुसऱ्यात ‘फेज’ आधी, तिसऱ्यात नावच बदललेलं, कारण मधल्या काळात मार्केटिंगवाल्यांना नवं नाव सुचलं. एका टप्प्याचा प्रवर्तक, म्हणजे कागदावरचा बिल्डर, मूळ कंपनी, दुसऱ्याचा तिचीच भागीदारी संस्था. क्लबहाउस कुठल्या टप्प्यात मोजलंय हे शोधायला सगळे नकाशे उघडावे लागतात, आणि ते बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात सापडतं. ‘या कमानीच्या आत एकूण किती घरं होणार?’ हा शाळकरी बेरजेचा प्रश्न. त्याचं उत्तर कुठल्याही एका पानावर नाही. पाण्याचे टँकर किती लागणार, रस्त्यावर गाड्या किती वाढणार, हे तर त्या बेरजेवरच अवलंबून.

आणि बेरीज केली तरी तीही अर्धवटच. २०१७ आधी ज्यांना पूर्णत्वाचा दाखला मिळाला त्या इमारती महारेरात नाहीत. पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड असेल, किंवा घरं आठापर्यंतच असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. पेठांमधले वाडे पाडून उभ्या राहणाऱ्या इमारतींचा विचार करा. बरेचसे लहान प्लॉट ते, त्यातले कितीतरी या चाळणीतून खाली पडतात. आमच्यासारख्या १९८० च्या दशकातल्या तीन मजली सोसायट्यांनी भरलेल्या भागात महारेराचा नकाशा बघितला तर वाटेल, इथे कोणी राहतच नाही.

आता इंडेक्स टू.

दिसायला ते अजिबात आवडण्यासारखं नाही. वर्ष निवडा, जिल्हा निवडा, तालुका, गाव, मग मिळकतीचा क्रमांक, मग कॅप्चा. एका वेळी एकच वर्ष. सगळं एकत्र उतरवून घ्यायची सोय नाही, यादी आली की एकेक इंडेक्स उघडायचं. पण उघडलं की समोर जे येतं त्यात माझ्या मते शहराचा खरा जमाखर्च आहे. चौदा रकाने. पहिला विलेखाचा प्रकार, दुसरा मोबदला, तिसरा बाजारभाव, चौथा भूमापन, पोटहिस्सा व घरक्रमांक, पाचवा क्षेत्रफळ. सहावा ‘आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा’, जो शहरी फ्लॅटच्या इंडेक्सवर मला रिकामाच दिसत आलाय आणि तरी निष्ठेने छापला जातो. मग लिहून देणारे, लिहून घेणारे, दस्त करून दिल्याची तारीख, नोंदणीची तारीख, अनुक्रमांक-खंड-पृष्ठ, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, शेरा.

दुसरा आणि तिसरा रकाना एकत्र वाचायची सवय लावून घ्या. बाजारभाव हा रेडीरेकनरवरून, म्हणजे सरकारने भागाभागासाठी ठरवलेल्या दरांच्या तक्त्यावरून, काढलेला सरकारी आकडा, मोबदला हा दोघांनी कागदावर कबूल केलेला. काही गल्ल्यांत मोबदला बाजारभावाच्या कितीतरी वर असतो, काही ठिकाणी दोन्ही आकडे संशय यावा इतके जवळ. कागदावर न आलेल्या पैशांबद्दल इंडेक्स अर्थातच गप्प असतं. तरी एकाच इमारतीतले चार-पाच व्यवहार ओळीने वाचले की अंदाज बांधता येतो, आणि तो ब्रोकरच्या ‘सर, इथे आता यापेक्षा खाली काहीच नाही’पेक्षा नक्कीच बरा.

तारखांचे दोन रकानेही गमतीचे आहेत. कोविडच्या वर्षी राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं होतं, आणि जानेवारी ते मार्च २०२१ दोन टक्क्यांनी. दस्त केल्यापासून नोंदणीला कायद्याने चार महिने मिळतात. त्यामुळे करून दिल्याची तारीख डिसेंबरची आणि नोंदणी फेब्रुवारी-मार्चची, असे दस्त त्या काळात भरपूर सापडतात. नुसत्या नोंदणीच्या तारखेवर आलेख काढलात तर घरं मार्चमध्ये विकली गेली असं दिसेल. खरी गर्दी त्याआधीची. हे महारेरात दिसणारच नाही, कारण तिथे विकलेल्या घरांची संख्या आहे, व्यवहार नाहीत.

पहिल्या रकान्यात तर अख्ख्या गल्लीची हालचाल असते. करारनामा, विक्रीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, आणि अधूनमधून विकसन करारनामा, म्हणजे पुनर्विकासासाठी बिल्डरशी केलेला करार. शेजारच्या सोसायटीचा विकसन करारनामा नोंदला गेला की समजायचं, आता तिकडे पत्रे लागणार. त्यामागोमाग सभासदांच्या पर्यायी जागेचे करार दिसू लागतात आणि कोणाला किती क्षेत्रफळ जास्त मिळालं हेही कळतं. आमच्या कमिटीच्या चर्चेत सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला, कारण ‘त्यांना म्हणे अमुक टक्के जास्त दिले’ या वाक्यावर सभाच्या सभा खर्ची पडतात. महारेरा मुख्यतः विक्रीच्या घरांची काळजी घेतं. मूळ सभासदाला काय मिळालं ते इंडेक्सच सांगतं.

भाड्याचंही तेच. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीची आहे. तेही दस्त यादीत येतात आणि बहुतेकांत भाडं नि अनामत रक्कम वाचायला मिळते. सगळेच नोंदणी करतात असं नाही, पण बिगरनोंदणीचे करार गृहीत धरूनही दोन बेडरूमच्या घरांचं भाडं कुठे घुटमळतंय ते दिसतं.

इंडेक्सचा मोठा त्रास म्हणजे क्रमांक. पुण्यात एकाच जमिनीला सर्व्हे नंबर असतो, सिटी सर्व्हे नंबर असतो, आणि नगररचना योजनेत गेली असेल तर फायनल प्लॉट नंबरही. जुन्या दस्तांत सर्व्हे नंबर व हिस्सा, नंतरच्यांत सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, एखाद्या वकिलाने तिन्ही घातलेले. गावाचं नावही जुनंच शोधावं लागतं, आज आपण शिवाजीनगर म्हणतो तिथे भांबुर्डा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण दस्तांतले गट नंबर, म्हणजे गावच्या जमिनीचे क्रमांक, आणि गावांची नावं काही त्यामुळे बदलली नाहीत. न्यूयॉर्कचं बघून थोडा हेवा वाटतो. तिथल्या नगर नियोजन विभागाची ‘प्लूटो’ नावाची फाइल २०१३ पासून फुकट आहे, अख्ख्या शहरातला प्रत्येक भूखंड, त्यावरची इमारत, मजले, घरं, सगळं एका तक्त्यात, आणि प्रत्येक भूखंडाला एकच दहा आकडी क्रमांक. अर्थात तिथेही बऱ्याच जुन्या इमारतींचं बांधकाम वर्ष गोल आकड्यात, १९१० किंवा १९२०, असं अंदाजे टाकलेलं असतं. म्हणजे तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही.

मग दोन्हीकडे त्रास आहे तर माझा कल इंडेक्सकडे का? कारण क्रमांकाचा त्रास एकदाच होतो. सोसायटीच्या कुठल्याही सभासदाचा करारनामा मिळवा, त्यातलं मिळकतीचं वर्णन वाचा, तिन्ही क्रमांक वहीत लिहून ठेवा. पुढे दरवर्षी तेच चालतात. महारेरातला टप्प्यांचा गुंता मात्र दर नव्या संकुलाबरोबर नव्याने सोडवावा लागतो. आणि दुसरं, महारेरात बरंचसं प्रवर्तकाने भरलेलं असतं, काय होणार आहे त्याबद्दल. त्याला वास्तुविशारद, अभियंता आणि सीए यांचे दाखले जोडलेले असतात हे मान्य. इंडेक्समध्ये दुय्यम निबंधकापुढे जे होऊन गेलं ते असतं. मला झालेल्या गोष्टीवर हिशेब मांडायला बरं वाटतं. हा स्वभावाचाही भाग असेल.

वापरताना दोन काळज्या. प्रति चौरस फूट दर काढण्याआधी क्षेत्रफळ कसलं आहे ते चौथ्या रकान्यातल्या वर्णनात बघा. जुन्या दस्तांत बिल्टअप (भिंती धरून), क्वचित सुपर बिल्टअप (जिना-लॉबीचा वाटाही धरून), नव्यांत रेराच्या व्याख्येचा कारपेट (घरातली वापरायची जागा). चौरस मीटरचं चौरस फूट करायला १०.७६४ ने गुणायचं, ते सगळ्यांना येतं, पण बिल्टअप आणि कारपेट एकाच तक्त्यात मिसळले की दर वीस-पंचवीस टक्के कुठल्या कुठे जातो आणि सभेत त्यावरून भांडणं होतात. दुसरं, इंडेक्सवर माणसांची नावं, वयं, पत्ते असतात. मी तक्ता करताना सातवा आणि आठवा रकाना उतरवूनच घेत नाही. कोणी कितीला घर घेतलं हे शेजाऱ्याच्या नावासकट सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं काहीच कारण नाही, सरकारने ते उघड ठेवलं असलं तरी.

नव्या संकुलांनी भरलेला भाग असेल, वाकड-बावधनच्या पुढचा वगैरे, तर महारेरापासून सुरुवात करणं कदाचित जास्त शहाणपणाचं ठरेल. तिथे इंडेक्सवर बिल्डरकडून झालेल्या पहिल्या विक्रीचेच दस्त जास्त, फेरविक्रीचे कमी. पेठा, डेक्कन, कोथरूडचा जुना भाग, किंवा मुंबईत दादर-पार्ल्याकडचं काही असेल तर मी तरी आधी ई-सर्च उघडेन. आणि घरबसल्या फुकट दिसणारं इंडेक्स हे माहितीपुरतं धरा. बँकेत किंवा कोर्टात द्यायचं असेल तर फी भरून दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढावी लागते. त्यासाठी दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालयाचं नाव यादीतूनच टिपून घ्या, म्हणजे काउंटरवर शोधाशोध होत नाही.