प्रेडनिसोलोन वर्षभर घेतल्यावर: भूक, वजन आणि पुन्हा पुन्हा आखडणारे खांदे

पॉलिमायल्जिया रुमॅटिका या आजाराचं नाव मी साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा ऐकलं. दोन्ही खांदे, मान आणि मांड्यांचा वरचा भाग सकाळी इतका आखडलेला असायचा, की कुशीवर वळायला ह्यांचा हात लागायचा आणि ब्लाउजच्या बाहीत हात घालायला सुनेचा. फ्रोजन शोल्डर समजून बरेच दिवस शेक आणि व्यायाम झाले. मग संधिवाताच्या डॉक्टरांनी ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, करून घेतल्या. दोन्ही खूप चढलेले निघाले आणि रोज सकाळी १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, सुरू झालं. त्याला आता वर्ष उलटून गेलं. ज्यांना ही गोळी काही महिने किंवा त्याहून जास्त काळ घ्यायची आहे आणि ज्यांच्या मनात वजनाची धास्ती आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी गुण सांगते, कारण तो खरोखर मोठा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर उभी राहून स्वतःचा अंबाडा घातला. हात डोक्याच्या मागे गेले आणि तिथे टिकले. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना पहिल्यांदा कॉर्टिसोन (माझ्या गोळीच्याच जातीचं स्टिरॉइड) टोचलं आणि त्या काही दिवसांत चालू लागल्या. त्या कामाला १९५० चं नोबेल मिळालं. ते वाचताना माझे डोळे भरून आले, कारण त्या बाईंना काय वाटलं असेल ते मला माहीत आहे. या गोळीला सरसकट ‘वाईट औषध’ म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

पण भूक! दुसऱ्या आठवड्यापासून ती सुरू झाली. नेहमीची जेवणाची भूक वेगळी आणि ही वेगळी. दुपारचं पोटभर जेवण झालेलं असतं, भांडी घासून होतात, आणि तासाभरात हात आपोआप चिवड्याच्या डब्याकडे जातो. पहिल्या चार महिन्यांत माझं वजन सहा किलोने वाढलं. डॉक्टरांनी समजावलं की यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. भूक वाढते म्हणून खाणं वाढतं, ही पहिली. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, ही दुसरी. आणि चरबी जागा बदलते: हातपाय तेवढेच राहतात, पण चेहरा गोल होतो, पोट सुटतं, मानेच्या मागे गादी येते. ही तिसरी गोष्ट डोसबरोबर येते आणि डोस उतरला की हळूहळू ओसरते. पहिल्या दोन मात्र बऱ्याचशा आपल्या हातात आहेत. ही विभागणी कळल्यावर माझी निम्मी काळजी गेली. गोल गालांसाठी उपाशी राहण्यात अर्थ नाही, आणि डब्यातल्या फरसाणाचा दोष गोळीवर टाकण्यातही नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली माहिती वेळेची. सकाळी नाश्त्यानंतर घेतलेल्या गोळीचा रक्तातल्या साखरेवरचा परिणाम दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत जास्त दिसतो. सकाळची उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. माझी उपाशीपोटीची ठीक होती, दुपारच्या जेवणानंतरची चढलेली होती. योगायोगाने माझी खा-खा सुटायची तीही याच वेळेला, तीन ते सात. म्हणून मी जेवणाची उलथापालथ केली. सकाळी भरपेट: मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी आणि भाकरी. दुपारी मटकीची किंवा चवळीची उसळ जास्त, भात एक लहान वाटी. चार वाजता ठरवून खायचं, वाट पाहायची नाही: फुटाणे, ताक, काकडी, कधी उकडलेलं अंडं. आधीच पोटात काही गेलेलं असलं की पाचची भूक निम्म्याने मवाळ होते. रात्री सातला ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, आणि मग शतपावली नव्हे, चांगली अर्ध्या तासाची फेरी.

मीठ कमी करणं मला साखरेपेक्षा जड गेलं. आमच्या घरात पानात डावी बाजू रिकामी असणं म्हणजे अपमान. लोणचं, पापड, सांडगी मिरची, खारे शेंगदाणे हे सगळं बंद केल्यावर साधारण पंधरवड्यात घोट्यांवरची सूज कमी झाली आणि अंगठी पुन्हा बोटातून निघायला लागली. लोणच्याऐवजी लिंबाची फोड, ओली हळद, कोथिंबीर-मिरचीचा बिनमिठाचा ठेचा. जमतं.

उपवासांबद्दल बायकांनी नीट वाचावं. प्रेडनिसोलोन रिकाम्या पोटी घेऊ नये, काहीतरी खाऊनच घ्यावी. संकष्टीला ‘चंद्रोदयापर्यंत काही नाही’ हे आता माझ्यासाठी बंद. आणि साबुदाण्याची खिचडी तर साखर असणाऱ्यांना नकोच. भगर, राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी घेऊन गोळी घेते. देवाला चालतं, असं माझं ठाम मत आहे.

स्नायूंकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. स्टिरॉइडने मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू झिजतात. म्हणजे काट्यावर वजन वाढत असताना ताकद कमी होत असते, आणि वजन उतरवायला नुसतं खाणं तोडलं तर स्नायूच आणखी जातात. माझ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने (वयाने माझ्या मुलीएवढी, म्हणून मुलगी म्हणते) एक साधी परीक्षा दिली: खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. पाय जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या जरा मागे, हात छातीवर घडी घालून, टाचांवर जोर देत सावकाश वर, आणि बसताना त्याहून सावकाश खाली. पहिल्या आठवड्यात मांड्या थरथरायच्या. आता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत करते. वजनकाट्याऐवजी मी पोटाचा घेर आणि हे उठणं-बसणं मोजते.

आता उसळीबद्दल, म्हणजे डोस उतरवताना आजार पुन्हा डोकं वर काढतो त्याबद्दल. १५ वरून १२.५, मग १० पर्यंत सगळं सुरळीत झालं. १० वरून ७.५ वर आल्यावर आठवड्यातच खांदे पुन्हा धरले. मला वाटलं की आता सगळं पहिल्यापासून. तसं नसतं. डॉक्टरांनी ज्या डोसवर मी बरी होते तिथे परत नेलं, तिथे काही आठवडे थांबवलं आणि नंतर एकेका मिलिग्रॅमने, दर महिन्याला किंवा त्याहून सावकाश, उतरवायला सुरुवात केली. त्यासाठी लहान ताकदीच्या गोळ्या औषधवाल्याकडून मागवून घेतल्या. दुसऱ्यांदा उसळी आली तेव्हा मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध जोडलं, म्हणजे स्टिरॉइड कमी करता यावं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही! वार ठरवून घ्या आणि घरात दुसऱ्या कोणालाही तो वार सांगून ठेवा.

उसळी कोणती आणि डोस कमी झाल्याची कुरकुर कोणती, हे ओळखायला मला कालनिर्णयने मदत केली. रोजच्या चौकोनात तीनच गोष्टी पेन्सिलीने लिहिते: किती मिलिग्रॅम, सकाळी अंग मोकळं व्हायला किती मिनिटं लागली, अंबाडा आपला आपण झाला की नाही. डोस उतरवल्यावर काही दिवस सगळ्याच अंगात कणकण आणि थकवा येतो आणि तो ओसरतो. उसळीत मात्र खांदे आणि जांघाच धरतात, सकाळची मिनिटं दिवसेंदिवस वाढतात, अंबाडा होत नाही. डॉक्टरांसमोर ते पान ठेवलं की सीआरपीच्या आकड्याला अर्थ येतो. नुसतं ‘दुखतंय हो’ म्हटल्याने कोणालाच काही कळत नाही.

लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक जण ‘तब्येत सुधारली हो तुमची’ म्हणतो, आणि ते ऐकून गोळी बंद करावीशी वाटते, हे मला मान्य आहे. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी लग्नाच्या फोटोंसाठी खरंच एकदम बंद केली, आणि चक्कर, उलट्या, कमी रक्तदाब होऊन त्यांना ॲडमिट करावं लागलं. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना आपल्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवणं कमी करतात, आणि त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. म्हणून वजनासाठी डोसला स्वतः हात लावायचा नाही. दात काढायचा असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन, ‘मी स्टिरॉइडवर आहे’ हे आधी सांगायचं. माझ्या पर्समध्ये तशी चिठ्ठी असते. आणि ‘साइड इफेक्ट नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइडच मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत.

बाकीचं थोडक्यात: कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व पहिल्या दिवसापासून, हाडांची घनता तपासून घेतली, डोळे तपासते. संध्याकाळी उशिरा गोळी घेतली तर झोप उडते.

माझ्यासारखाच आजार असेल तर एवढं पाठ करा: कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं किंवा नजर अंधुक होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. या आजाराबरोबर डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते आणि त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते.

सध्या मी ४ मिलिग्रॅमवर आहे. वाढलेल्या सहापैकी साडेतीन किलो गेले, गाल बरेच उतरले, दुपारची साखर आवाक्यात आहे. पुढच्या महिन्यात सकाळचं कॉर्टिसॉल तपासून मग तीनवर जायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.