प्रोग्रेसिव्ह चष्मा : गणपतीपासून वार्षिक परीक्षेपर्यंतचा अनुभव

मागच्या गणपतीच्या तोंडावर घेतलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत वरून खाली लांबचा, मधला आणि जवळचा नंबर क्रमाने येणारा चष्मा, रोज वापरत आले आहे. आता वार्षिक परीक्षेचे पेपरही तपासून झाले असल्याने त्याच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. माझा लांबचा नंबर उजव्या डोळ्याला उणे १.७५ आणि डाव्या डोळ्याला उणे २.०० आहे, दोन्हींत थोडा सिलिंडर (एकाच दिशेत लागणारा नंबर, जो नको तिथे आला तर धूसर दिसते) आहे, आणि जवळच्यासाठीचा अ‍ॅड अधिक १.७५ निघाला (लांबच्या नंबरात वाचनासाठी जेवढी भर घालावी लागते ती म्हणजे अ‍ॅड). नंबर इतका सविस्तर सांगण्याचे कारण असे की या काचेचा अनुभव अ‍ॅडप्रमाणे बराच बदलतो, आणि दुसऱ्याचा अ‍ॅड ठाऊक नसताना त्याचे कौतुक किंवा तक्रार वाचून आपला निर्णय करणे कठीण असते.

उणे नंबरवाल्यांना चाळिशी लागली तरी चष्मा काढून वाचता येते, आणि घरी वर्तमानपत्र वाचण्यापुरते ते पुरतेही. वर्गात मात्र मागच्या भिंतीजवळचा विद्यार्थी, हातातला हजेरीपट, पहिल्या बाकावरची वही आणि भिंतीवरचा नकाशा हे सारे एकाच मिनिटात पाहावे लागते, आणि दर वेळी चष्मा कपाळावर चढवून पुन्हा उतरवण्यात शिकवण्याची लय मोडते. बायफोकल काच स्वस्त आहे आणि वाचनासाठी तिच्यात रुंद, स्वच्छ जागा मिळते, पण तिच्यात लांबचा आणि जवळचा असे दोनच नंबर असतात. जसजसा अ‍ॅड वाढतो तसतसे हाताच्या अंतरापलीकडचे, म्हणजे नेमके बाकावरचे, दोन्हींपैकी एकाही भागातून नीट दिसेनासे होते. ही मधली जागा भरून काढण्यासाठी फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ या अभियंत्याने वरून खाली क्रमाक्रमाने बदलत जाणाऱ्या नंबराची काच तयार केली आणि ती १९५९ मध्ये व्हॅरिलक्स या नावाने बाजारात आली. आज अनेक कंपन्या अशा काचा बनवतात. माझी काच मधल्या किमतीच्या श्रेणीतली आहे.

विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाला स्पष्ट सांगितली जावी अशी गोष्ट म्हणजे या काचेच्या खालच्या दोन्ही बाजूंना धूसरपणा असतोच, आणि तो सर्वांत महागड्या काचेतही पूर्णपणे जात नाही. १९६३ मध्ये ग्युंटर मिंकविट्झ या जर्मन गणितज्ञाने दाखवून दिले की अशा पृष्ठभागावर मधल्या रेषेवरून खाली जाताना नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूंना नको असलेला सिलिंडर वाढतो. माझ्यापुरता हिशेब मांडायचा तर १.७५ चा अ‍ॅड चौदा मिलिमीटरच्या उतारात, म्हणजे लांबच्या नंबरापासून जवळच्या नंबरापर्यंतच्या टप्प्यात, बसवल्यास दर मिलिमीटरला ०.१२५ नंबर वाढतो, म्हणून बाजूला दर मिलिमीटरला ०.२५ इतका दोष येतो आणि रेषेपासून दोनच मिलिमीटरवर अर्ध्या नंबराचा सिलिंडर तयार होतो. म्हणजे ढोबळमानाने मधल्या अंतराचा स्वच्छ पट्टा जेमतेम चार मिलिमीटर रुंदीचा राहतो. महागड्या काचांत हा दोष अधिक कौशल्याने पसरवलेला असतो, त्यामुळे तो कमी जाणवतो, आणि ज्यांचा अ‍ॅड अजून एकच्या आसपास आहे त्यांना हा पट्टा बराच रुंद मिळतो. चाळिशीच्या सुरुवातीलाच प्रोग्रेसिव्ह घेतलेल्यांना सवय लवकर होते ती याच कारणाने.

पहिल्या आठवड्यात मान वळवली की फरशी किंचित हलल्यासारखी वाटे, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या रांगेकडे पाहिले तर चेहरे विरघळल्यासारखे दिसत. ज्याच्याकडे पाहायचे त्याच्याकडे नाक वळवायचे, ही एकच सवय लावून घ्यावी लागते. साधारण दोन आठवड्यांत ती अंगवळणी पडली. हलण्याची जाणीवही तेवढ्याच काळात गेली. वाचनाचा त्रास मात्र कमी होईना. वहीवरचे अक्षर स्पष्ट दिसण्यासाठी मला हनुवटी बरीच उंच करावी लागत होती आणि संध्याकाळी मान दुखत होती. दुकानात पुन्हा गेले तेव्हा तिथल्या अनुभवी ऑप्टोमेट्रिस्टनी, म्हणजे नंबर तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, पहिलाच प्रश्न केला, “मॅडम, वाचताना मान मागे न्यावी लागते का?” त्यांनी काचेवरच्या बारीक खुणा पुन्हा रेखून पाहिल्या, तेव्हा बाहुलीसमोर यायला हवी असलेली खूण दोन्ही डोळ्यांत सुमारे तीन मिलिमीटर खाली पडल्याचे दिसले. नंबर अचूक होता आणि काचही चांगली होती. फक्त ती चुकीच्या उंचीवर कापली गेली होती. काचा बदलून मिळाल्यावर त्याच कंपनीची, त्याच श्रेणीची काच मला जणू वेगळीच वाटली.

म्हणून माझे ठाम मत झाले आहे की या चष्म्यात पैशापेक्षा मापाला अधिक महत्त्व आहे. दोन बाहुल्यांमधले एकूण अंतर एवढेच मोजून भागत नाही. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचे अंतर वेगळे घ्यावे लागते. माझे उजवीकडे साडेतीस आणि डावीकडे बत्तीस मिलिमीटर भरले, आणि चार मिलिमीटरच्या पट्ट्यात दीड मिलिमीटरचा हा फरक किती मोठा आहे ते सहज लक्षात येईल. उंचीचे माप तर निवडलेली फ्रेम नाकावर नेहमीसारखी बसवून, दांड्या आणि नोज पॅड आधी जुळवून, आपण समोर सहज पाहत असतानाच घ्यायला हवे. आधी माप आणि नंतर फ्रेमची जुळवणी, असा उलटा क्रम मी स्वतः पाहिला आहे. ऑनलाइन मागवताना ही उंची छायाचित्रावरून ठरवली जाते, आणि एकाच नंबराच्या साध्या चष्म्याला ते चालून जात असले तरी प्रोग्रेसिव्हसाठी मी तसे करणार नाही. चष्मा हाती देताना काचेवरच्या शाईच्या खुणा पुसू देऊ नयेत, आधी तो घालून आरशासमोर उभे राहावे आणि अधिक चिन्ह बाहुलीवर येते का ते पाहावे. शाई पुसली गेली असली तरी काच उजेडाकडे तिरपी धरल्यास एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर कोरलेल्या दोन सूक्ष्म खुणा दिसतात, आणि कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडचा आकडा असतो. आपण पैसे भरले तोच अ‍ॅड आला आहे का, हे कोणालाही तिथे तपासता येते.

रस्त्यावरचा अनुभव चांगला आहे. पोवई नाक्यावरच्या गर्दीत स्कूटर चालवताना समोरचा रस्ता, मीटरवरचा आकडा आणि आरसा हे तिन्ही स्पष्ट दिसतात, फक्त आरशाकडे पाहताना मान थोडी जास्त वळवावी लागते. हेल्मेट घालताना आणि काढताना दांड्या सैल होतात, याकडे पुढे येईन. पायऱ्यांविषयी मात्र गंभीरपणे सांगायला हवे. खाली पाहिले की नजर वाचनाच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर होते. त्यामुळे अजिंक्यताऱ्यावरून सकाळी उतरताना मी हनुवटी छातीशी आणून काचेच्या वरच्या भागातूनच पाऊल पाहते. घरात वयस्कर माणूस असेल आणि त्याचा तोल थोडाही जात असेल, तर बाहेर फिरण्यासाठी फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा करून देणे अधिक सुरक्षित आहे.

संगणकासाठी हा चष्मा पुरेसा नाही. सरल पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती भरताना तासन्‌तास पडद्याकडे पाहावे लागते, आणि पडदा नजरेच्या उंचीवर असला तर त्या अरुंद पट्ट्यासाठी मान सतत वर धरावी लागते. पडदा खाली घेऊन थोडा फरक पडला, पण खरा आराम मिळाला तो वेगळ्या साध्या चष्म्याने. त्यात लांबच्या नंबरात अ‍ॅडच्या साधारण निम्मा भाग मिळवलेला आहे, आणि पूर्ण पडदा एका नजरेत स्वच्छ दिसतो. आडवे पडून वाचताना मी अजूनही चष्मा काढूनच ठेवते, कारण तेव्हा नजर काचेच्या खालच्या भागातून जातच नाही.

काही महिन्यांनी वाचन पुन्हा जड जाऊ लागले तेव्हा नंबर वाढला असावा असे वाटले होते. प्रत्यक्षात हेल्मेटमुळे सैल झालेली फ्रेम नाकावरून खाली घसरली होती आणि वाचनाचा भाग तिच्याबरोबर खाली गेला होता. दांड्या घट्ट करताच सगळे पूर्ववत झाले. आता दर दोन-तीन महिन्यांनी मी ती जुळवणी करून घेते आणि त्याचे पैसे दुकानदार घेत नाहीत. खडूची भुकटी ही शिक्षकांच्या काचांची मोठी शत्रू आहे, म्हणून पदराने पुसण्याऐवजी आधी नळाखाली धरून मग सौम्य साबणाने धुण्याचा क्रम मी पाळते आणि काचांवर अजून ओरखडा नाही. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत चष्मा ठेवू नये. उष्णतेने कोटिंगला बारीक जाळी पडते आणि ती दुरुस्त होत नाही.

दुकानात पातळ काच आणि निळ्या प्रकाशाचे फिल्टर यांचा आग्रह फार होतो. दोनच्या आसपासच्या नंबराला १.६७ निर्देशांकाची (निर्देशांक जितका जास्त तितकी काच पातळ) काच घेण्याचे मला कारण दिसले नाही, उलट अशा काचेत कडांना रंगांची झालर अधिक दिसण्याची शक्यता असते. फिल्टरबाबत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्याचा (अनेक वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा) निष्कर्ष असा आहे की पडद्यामुळे येणारा डोळ्यांचा ताण निदान अल्प मुदतीत त्याने कमी होत नसावा. प्रतिबिंबविरोधी कोटिंग मात्र जरूर घ्यावे, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा फरक लगेच जाणवतो. आणि मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आल्यावरच नंबर काढावा, कारण साखरेच्या चढउताराने नंबर तात्पुरता बदलतो आणि एवढी महाग काच वाया जाऊ शकते.

आमच्या शाळेत वीजजोडणीचे काम करणाऱ्या गृहस्थांना हा चष्मा जमला नाही, कारण त्यांचे बारीक काम डोक्याच्या वर असते आणि जवळचा नंबर काचेच्या तळाशी. ते बायफोकलकडे परतले, आणि त्यांच्या कामासाठी वरच्या बाजूलाही जवळचा नंबर असलेली काच मिळते असे कळल्यावर आता तिची चौकशी करत आहेत. अशी शक्यता कोणाच्याही बाबतीत असल्याने, सवय न झाल्यास काचा बदलून मिळण्याची मुदत किती आणि त्या बदल्यात कोणत्या काचा मिळतील, हे दोन्ही पैसे भरण्यापूर्वी बिलावर लिहून घ्यावे. माझ्या बिलावर ते लिहिलेले होते, म्हणूनच उंचीची चूक लक्षात आल्यावर काचा विनाशुल्क बदलून मिळाल्या.